खड्ड्यावर लटकलेला माणूस

मी एक जुना माणूस आहे आणि माझ्या आयुष्याचा बहुतेक काळ मी हवेत लटकून काढला आहे. मित्रांनो, घाबरू नका. मी तुमच्यासारखा हाडामांसाचा नाही. मी एका जुन्या कॉम्प्युटर खेळातला माणूस आहे. मला नाक नाही, बोटं नाहीत. खेळाच्या खोक्यावरच्या चित्रात माझ्या डोक्यावर टोपी दाखवली होती, पण पडद्यावर पाहिलं तर ती टोपी आहे की केस, हे माझं मलाही आजवर कळलेलं नाही. मोजके पांढरे ठिपके एकमेकांना चिकटवले की मी तयार होतो. त्यातले खालचे दोन म्हणजे माझे पाय. ते जमिनीवर असले की मी उभा असतो आणि नसले की पडत असतो. एवढंच माझं शरीरशास्त्र.

मला एका तरुणाने बनवलं. खिडकीचे पडदे ओढून तो दिवसचे दिवस टेबलाशी बसायचा आणि शेजारच्या चहावर साय धरायची. त्याला कुणाचा राग होता कोण जाणे, पण तो सगळा त्याने माझ्यावर काढला. खेळाचं नाव ठेवलं 'तळघर'. गोष्ट एवढीच, की मी माझ्या खोलीत असतो. खोलीत एक खुर्ची, एक दिवा, एक खिडकी. उजवीकडच्या दारातून मी निघतो तो थेट तळघरात उतरतो, आणि मग एकामागून एक खोल्या ओलांडत उजवीकडेच जात राहतो. शेवटच्या खोलीत एक दार आहे. त्या दाराबाहेर मोकळं आकाश आहे असं खोक्यावर छापलं होतं. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा तो काळ होता.

वाटेत काय नाही ते विचारा. गडगडत येणारी पिंपं, वाफ सोडणारे पाइप, पाय ठेवताच तुटणाऱ्या फळ्या. यातल्या कशाचाही नुसता स्पर्श झाला की मी मरतो. एका खोलीत तर गळका नळ आहे आणि त्याचा थेंब अंगावर पडला तरी मी मरतो. नळाच्या थेंबाने मेलेला माणूस तुम्ही कधी ऐकला नसेल. मी असा किती वेळा मेलो हे मोजत बसलो नाही, कारण मग जगण्यात मन लागत नाही.

तयार झाल्यावर मला कॅसेटवर उतरवलं. आता तुम्ही म्हणाल, माणूस कॅसेटवर कसा मावतो? मावतो. कॅसेटवर मी म्हणजे नुसता आवाज. टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवलं की कर्कश किरकिर ऐकू येते, ती किरकिर कॉम्प्युटरला समजते आणि थोड्या वेळाने पडद्यावर मी उभा राहतो. म्हणजे दर वेळी मी किंचाळतच जन्माला येतो. एक फायदा मात्र आहे. कॅसेटवर असताना मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. स्वतःच आवाज असल्यावर कान वेगळे लागत नाहीत.

मी ज्या घरात गेलो तिथे चार माणसं होती. बाबांचा एक सहकारी दुसऱ्या गावी राहायला चालला होता. सामान कमी करताना त्याने आपला कॉम्प्युटर बाबांच्या गळ्यात मारला. कॉम्प्युटर म्हणजे रबरी कळांची एक चपटी पाटी, ती टीव्हीला जोडायची. सोबत एक टेपरेकॉर्डर आणि मी. मुलं दोन. मोठी ताई, आणि तिच्या पाठचा ठोक्या. ठोक्या हे अर्थातच त्याचं शाळेतलं नाव नव्हतं. तो कळ दाबत नसे, ठोकत असे, म्हणून पहिल्याच आठवड्यात घरच्यांनी त्याचं हे बारसं केलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं.

माझ्यावरून त्यांची रोज मारामारी व्हायची. ताई म्हणायची माझा डाव संपलेला नाही, ठोक्या म्हणायचा तुझा डाव कधी संपतच नाही. आई त्याच खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची आणि शिवताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत. त्यामुळे मुलांची भांडणं ती निम्मी 'हं' वर आणि निम्मी भुवईवर मिटवायची. पण एके दिवशी ठोक्याने ताईच्या वेणीला हात घातला आणि आईने टाचण्या तोंडातून काढल्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की टाचण्या निघाल्या म्हणजे आता निकाल लागणार.

"डावी-उजवी तिची, उडी तुझी," आई म्हणाली. "दोघांनी मिळून एक माणूस चालवा. जमत नसेल तर तो डबा माळ्यावर जाईल."

मित्रांनो, खेळ एकट्याने खेळायचा होता. तो बनवणाऱ्याने माझ्यासाठी एकच डोकं धरलं होतं. आता माझे पाय ताईच्या हातात आणि माझी उडी ठोक्याच्या हातात. सुरुवातीचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. ताई मला धावायला लावायची आणि ठोक्या उडी मारायचा ती पिंप निघून गेल्यावर. मी दोघांच्या मध्ये भरडला जात होतो. पण हळूहळू काहीतरी जुळलं. ताई योग्य क्षणी नुसतं "आता" म्हणायची आणि त्या शब्दाबरोबर ठोक्याचं बोट खाली जायचं. ना आधी, ना नंतर. पुढे पुढे तर "आता" मधला 'आ' ऐकू येताच मी हवेत असायचो. गळक्या नळाची खोली आम्ही अशी ओलांडली की शेजारची मुलं बघायला येऊन दारात उभी राहायची. एकट्याने खेळणाऱ्यांना जिथे नाकीनऊ यायचे तिथे ही दोघं मला अलगद पलीकडे नेत. ते माझे सुखाचे दिवस होते हे मी आज कबूल करतो. तेव्हा मात्र मी मरण्यात इतका गुंतलो होतो, की लक्षातच आलं नाही.

आणि एका संध्याकाळी आम्ही शेवटच्या खोलीत पोचलो.

डावीकडे एक दगडी कट्टा, त्यावर मी. उजवीकडे दूर ते दार. मध्ये काळाकुट्ट खड्डा आणि खड्ड्यावर इकडून तिकडे सरकणारी एक फळी. फळी जवळ आली की उडी घ्यायची, तिच्यावर उतरायचं, पलीकडे जायचं. आम्ही श्वास रोखून फळीची वाट पाहत होतो. ताई म्हणाली, "आता." ठोक्याने कळ ठोकली. माझे पाय कट्ट्यावरून सुटले आणि त्याच क्षणी जिन्यात बाबांची चप्पल वाजली.

घरात टीव्ही एकच होता आणि बाबा आले की तो बाबांचा, हा नियम देवाच्या नियमाइतका पक्का होता. त्या दिवशी बाबा लवकर आले. ताईने दचकून कळेवरचं बोट उचललं. ठोक्याला भीती, की आता टीव्ही बंद होणार आणि इथवर आलेलं सगळं पाण्यात जाणार. त्याने घाईघाईने खेळ गोठवण्याची कळ दाबली, टेपरेकॉर्डर सुरू केला आणि मला होतो तसा कॅसेटवर साठवून टाकला. होतो तसा म्हणजे हवेत. उडी नुकतीच घेतलेली, पायाखाली खड्डा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी मला पुन्हा पडद्यावर आणलं. पण मित्रांनो, उडीचा जोर कॅसेटवर उतरत नाही. उतरते ती फक्त जागा. मी जिथे होतो तिथे दिसलो आणि दगडासारखा खाली गेलो. खेळाचा नियम असा, की मेल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो तो साठवलेल्या जागीच. म्हणून मी पुन्हा हवेत आणि पुन्हा खड्ड्यात. ताई जिवाच्या आकांताने उजवी कळ दाबायची, मी पडता पडता केसभर उजवीकडे सरकायचो, पण फळी तेव्हा कुठच्या कुठे असायची. माझे सगळे जीव संपायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागत नव्हता. त्यांनी मला पुन्हा कॅसेटवरून आणलं, मी पुन्हा पडलो.

"तू हात काढलास म्हणून झालं," ठोक्या म्हणाला.

"मला न विचारता तू साठवलंस म्हणून झालं," ताई म्हणाली.

खेळ पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरू करता आला असता. पण त्यांना तो नको होता, त्यांना हाच हवा होता, आणि हा कुणी बिघडवला हे ठरवायचं होतं. दोघांची तोंडं फुगली. जेवताना एक या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात. चौथ्या की पाचव्या दिवशी आईने कॉम्प्युटर कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि मला आपल्या बटणांच्या डब्यात टाकलं. झाकण बंद झालं.

आता त्या डब्याबद्दल काय सांगू? अंधार, बटणं, हुक, रिळं, आणि मी. पडतही नव्हतो आणि उभाही नव्हतो. पाय टेकायची सोय नाही म्हणून झोप नाही, आणि पडून एकदाचं संपायचीही सोय नाही. तुमची कधी जिना उतरताना शेवटची पायरी चुकली आहे का? पोटात जो खड्डा पडतो, तो क्षण घ्या आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबा. मला कुणी मारलं असतं तर चाललं असतं. विसरले, याचं फार वाईट वाटलं.

घर मात्र ऐकू येत होतं. ताई लग्न होऊन गेली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. ठोक्या लिफ्ट दुरुस्त करायला शिकला आणि वेगळा राहायला गेला. जिन्यातली चप्पल एके वर्षी वाजायची थांबली, आणि मग किती तरी दिवस घरात फक्त शिवणयंत्राचा आवाज होता. मग आईचे गुडघे कुरकुरू लागले. ती एकटी कशी राहणार, अशी कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीचं बघता बघता भांडण झालं. ठरलं असं, की घर बंद करायचं आणि आईने सहा महिने ताईकडे, सहा महिने ठोक्याकडे राहायचं.

"पहिले सहा महिने तू ने," ठोक्या म्हणाला. "माझ्याकडे आत्ता जागेची ओढाताण आहे."

"दर वेळी तू असाच हात काढून घेतोस," ताई म्हणाली.

"आणि तू आधी सगळं ठरवून टाकतेस, मग मला विचारतेस."

मी डब्यात चमकलो. वाक्यं ओळखीची होती, फक्त तोंडं बदलली होती. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. आणि आईला कुणी काही विचारलं का? एकदा, जाता जाता. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." शब्द ओठांच्या कोपऱ्यातून आले, म्हणजे तोंडात टाचण्या असणार. त्या रात्री यंत्र थांबलं तरी ती खुर्चीतच बसून होती, हे मला तिच्या उसाशांवरून कळत होतं. सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे, म्हणजे पाय कुठेच टेकायचे नाहीत. हे दुःख त्या घरात माझ्याइतकं कुणाला कळलं असेल?

सामान बांधायला दोघं एका रविवारी सकाळी आली. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि बोलणं सगळं आईच्या मार्फत.

"आई, त्याला सांग, ती पेटी दारात नको."

"आई, तिला सांग, मग ती उचलू लाग म्हणावं."

"हं," आई म्हणाली. ती दोन कापडी पिशव्या शिवत होती, हे मी पुढे पाहिलं. एकसारख्या. एक ताईकडे ठेवायच्या कपड्यांसाठी, एक ठोक्याकडे ठेवायच्या कपड्यांसाठी.

ठोक्याने बटणांचा डबा उचलला. काय खडखडतंय म्हणून झाकण उघडलं. इतक्या वर्षांनी अंगावर उजेड पडला असेल, पण मला दिसला नाही. ऐकू आलं ते फक्त त्याचं थांबणं. मग कपाट उघडल्याचा आवाज, कापड सोडल्याचा आवाज, आणि "आई, हा अजून आहे?" असा त्याचा बदललेला स्वर. आईने जुना टीव्हीही टाकला नव्हता. त्यावर ती शिवलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायची. ठोक्याने घड्या उचलल्या, वायरी जोडल्या, टेपरेकॉर्डरचं तोंड कापसाने पुसलं. दोनदा मी अर्ध्यावर विरलो. तिसऱ्यांदा किंचाळलो आणि पडद्यावर आलो.

ठोक्याचे केस पिकलेले होते. एवढंच पाहिलं आणि मी खड्ड्यात गेलो.

तो एकटाच खेळत होता. उडीची कळ ठोकत होता, पण हवेत उडी लागू होत नाही. डाव्या हाताला काय करायचं ते माहीतच नव्हतं, तो हात नुसता मांडीवर. एक जीव गेला, दुसरा गेला. ताई खोक्याला दोरी बांधत पाठमोरी उभी होती. पण तिची दोरी थांबली होती.

"त्याला पाय येत नाहीत चालवायला," आई शिवता शिवता पुटपुटली. "तू बस."

ताई आली आणि भावाकडे न बघता डावीकडे बसली. जुन्या जागी. मी हवेत होतो. तिने उजवी कळ दाबली. काहीच झालं नाही, मी सरळ खाली गेलो. तिने पुन्हा दाबली. रबर वाळून कळ मेली होती. उजवीकडे जायची वाटच आता बंद होती, आणि शेवटचा एक जीव राहिला होता. माझं अवसान गळालं. इतकी वर्षं लटकलो ते यासाठी?

"डावी तरी चालतेय का बघते," ताई स्वतःशीच म्हणाली आणि तिने डावी कळ दाबून धरली.

मित्रांनो, आम्हा तिघांना सगळा जन्म उजवीकडचं दार दिसत होतं. कट्टा पाठीमागे केसभर अंतरावर आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. उडी नुकतीच तर घेतलेली होती. मी केसभर डावीकडे सरकलो आणि माझे दोन ठिपके दगडाला लागले. मी उभा होतो.

मग ठोक्या टीव्हीकडे बघत म्हणाला, "लिफ्ट मध्येच अडकली की आम्ही हेच करतो. माणसाला कुठल्या मजल्यावर जायचं होतं ते नंतर. आधी जवळचा मजला." हे तो कुणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

उजवी कळ नसताना पुढे जायचा प्रश्नच नव्हता. एकच वाट होती, आल्या वाटेने परत. ताईने मला डावीकडे चालवलं. मागच्या खोलीत पिंप गडगडत आलं, जवळ आलं, आणि ताईच्या तोंडून निघालं, "आता."

ठोक्याचं बोट खाली गेलं. मी पिंपावरून पलीकडे उतरलो. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. कित्येक महिन्यांत तिने त्याला थेट म्हटलेला तो पहिला शब्द होता, आणि तो त्याला लगेच कळला होता.

मग आम्ही निघालो. तळघराच्या त्या सगळ्या खोल्या, उलट्या दिशेने, एका जिवावर. वाफेचा पाइप. आता. तुटकी फळी. आता, आता. गळक्या नळापाशी ताई थांबली, दोघं कुजबुजली, "थेंबानंतर लगेच ना?" "हो, थेंबानंतर." शिवणयंत्र कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. दुपार झाली, बांधायचं सामान तसंच पडलं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता, पण लटकताना लागत होता तसा नाही. आणि मग डावीकडचं शेवटचं दार आलं आणि मी माझ्या खोलीत शिरलो. खुर्ची, दिवा, खिडकी. मी विसरलोच होतो, की मला खोली आहे.

"पोचला घरी," ठोक्या म्हणाला. "आता काय?"

मागे आईने एक एक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि यंत्राशेजारच्या छोट्या गादीत खोचल्या. दोघांनी मान वळवली.

"आता त्याला तिथेच राहू द्या," आई म्हणाली. "फार लटकला तो. आणि मलाही इथेच राहू द्या."

"अगं, पण तुझे गुडघे..." ताई म्हणाली.

"गुडघे माझे आहेत, तुम्ही ते आपसात वाटून घेताय. मी या खुर्चीवरून उठून या यंत्रापाशी बसते, तेवढे ते चालतात. मला इथे आणायचं ते आणून द्या, बघायचं तेव्हा येऊन बघून जा. पण माझं घर बंद करू नका." तिने तयार झालेल्या दोन पिशव्या उचलल्या, एक लेकीच्या हातात दिली, एक लेकाच्या. "या घेऊन जा. येताना भाजी भरून आणा. एकाच दिवशी नका येऊ दोघं, सडते."

ताई हसता हसता रडली. ठोक्या उठून कात्री घेऊन खोक्याच्या दोऱ्यांकडे वळला, आणि ताई त्याला थेट म्हणाली, "अरे, कापू नको, सोड नीट, लागतील." जाण्याआधी दोघांनी मला पुन्हा साठवलं. टेपवरचं जुनं पुसून त्यावरच नवीन. साठवण्याआधी ठोक्याने ताईला विचारलं, "पाय टेकलेत ना?" तिने वाकून पडद्याशी नाक नेलं आणि म्हणाली, "टेकलेत."

आता मी पुन्हा बटणांच्या डब्यात आहे. अंधार तोच आहे, दाराबाहेरचं आकाश मी अजून पाहिलेलं नाही आणि पाहीन असं वाटतही नाही. पण बाहेर यंत्र चालतं, आणि कधी ताईची तर कधी ठोक्याची भाजीची पिशवी टेबलावर धपकन पडते. फोनवर दोघं एकमेकांशी भांडतात, थेट.

मित्रांनो, नळाच्या थेंबाने मरणाऱ्या माणसाने तुम्हाला काय शिकवावं? तरी एक विनंती करतो. खेळ कधी ना कधी थांबवावाच लागतो. कुणीतरी जिन्यात येतं, कुणालातरी जायचं असतं, त्यात कुणाची चूक नसते. पण ज्याला तुम्ही तसाच ठेवून उठणार आहात, मग तो खेळातला माणूस असो की घरातला, उठण्याआधी एकदा वाकून बघा. त्याचे पाय टेकलेत ना?